शाळेतील जुना संगणक : नवा प्रोसेसर की नवी जुळणी?

दहा-बारा वर्षांपूर्वी मिळालेला संगणक अनेक शाळांतून अद्याप वापरात आहे. तो सुरू होण्यास इतका वेळ लागतो की, पाठ दाखविण्याचा गुरुजींचा उत्साह आणि पाहण्याचा मुलांचा उत्साह दोन्ही मावळून जातात. अशा वेळी तालुक्याच्या गावचा एक कारागीर सांगतो, “प्रोसेसर बदलून टाका”, दुसरा सांगतो, “हा आता भंगारात द्या, नवाच घ्या.” संयुक्त शाळा अनुदानाच्या ज्या रकमेतून वीजबिल, खडू, फळ्याचा रंग आणि छताची डागडुजी भागवावयाची असते, त्याच रकमेतून हा खर्च व्हावयाचा असल्याने दोहोंपैकी कोणाचेही म्हणणे परीक्षा केल्यावाचून मान्य करणे इष्ट नाही. ही परीक्षा शिक्षकास स्वतः करता येते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम संगणक मंद का होतो, ते पाहू. शालेय पोषण आहाराचा स्वयंपाक डोळ्यांपुढे आणावा. स्वयंपाक करणाऱ्या ताई म्हणजे प्रोसेसर. भाजी चिरण्याचा ओटा म्हणजे रॅम. आणि धान्याची कोठी म्हणजे हार्ड डिस्क. ओटा वीतभर असेल आणि प्रत्येक मूठ तांदळासाठी कोठीपर्यंत हेलपाटा घालावा लागत असेल, तर कितीही चपळ हाताची स्वयंपाकीण आणली तरी जेवण वेळेवर होणार नाही. जुन्या संगणकाची बहुधा हीच अवस्था असते. मिनिटास ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कच्या तबकडीला एका फेऱ्यास १/१२० सेकंद लागतो. हा काळ आपणांस क्षुल्लक वाटतो. परंतु विखुरलेल्या हजारो लहान फायली गोळा करावयाच्या असल्या म्हणजे त्याचीच मिनिटे होतात. ज्यात काहीच फिरत नाही अशा एसएसडीला ही प्रतीक्षा नाही.

येथे इयत्ता सातवीच्या मुलांनाही घालता येईल असे एक उदाहरण देतो. समजा, एक पाठ उघडण्यास ६० सेकंद लागतात. पैकी ४५ सेकंद डिस्कची वाट पाहण्यात जातात व १५ सेकंद प्रोसेसरच्या कामात. प्रोसेसर दुप्पट वेगाचा बसविला तर १५ चे साडेसात होतील आणि एकूण वेळ साडेबावन्न सेकंद होईल. खर्च करून वाचला तो एक-अष्टमांश वेळ. उलट प्रोसेसर तोच ठेवून एसएसडी बसविली आणि ४५ चे ५ झाले, तर सारे काम २० सेकंदांत होते. एखाद्या अंगाचा वेग वाढविल्याचा एकूण लाभ त्या अंगाच्या कामातील वाट्याइतकाच मर्यादित राहतो, हा विचार जीन ॲमडाल या संगणकतज्ज्ञांनी १९६७ साली मांडला व तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

आपल्या संगणकात कोणाचा वाटा किती, हे पाहण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या. टास्क मॅनेजर उघडेल. नेहमीचे काम चालू असताना त्यातील तीन आकडे पाहावे : सीपीयू, मेमरी आणि डिस्क. डिस्क शंभर टक्क्यांवर अडकली असून सीपीयू पंधरा-वीस टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर प्रोसेसर निर्दोष आहे. सीपीयू सतत नव्वदच्या वर असेल, तरच पुढचा विचार करावा. आणि तोही पंख्यावरील धूळ झाडून व वाळलेली थर्मल पेस्ट बदलून झाल्यावर. कारण फार तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग आपणच कमी करतो. संगणकाचा दिनांक प्रत्येक वेळी मागे जात असेल, तर मदरबोर्डावरील नाण्याएवढी बॅटरी बदलावी. दिनांक चुकला म्हणजे सुरक्षित संकेतस्थळेही उघडत नाहीत आणि संगणकच गेला असा ग्रह होतो.

आता प्रोसेसर बदलण्याचा प्रश्न. एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड व त्यावर आय-३ २१०० हा प्रोसेसर, अशी २०११ च्या सुमाराची जोडी घेऊ. तिच्या सॉकेटात ११५५ टोके असतात. त्यात २०११ व २०१२ सालच्या, म्हणजे इंटेलच्या दुसऱ्या व तिसऱ्या पिढीतील प्रोसेसर बसतात. २०१३ च्या चौथ्या पिढीचे सॉकेट ११५० टोकांचे, ते येथे बसत नाहीत. तिसऱ्या पिढीतील आय-५ ३४७० बसविता येईल. दोन कोअरच्या जागी चार मिळतील. परंतु त्यासाठी बायोस नवे करावे लागण्याचा संभव असतो, आणि ते काम चालू असता वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. यूपीएसवाचून ते कोणी करू नये. शिवाय असा प्रोसेसर बहुधा जुन्या बाजारातच मिळतो. प्रोसेसर सहसा बिघडत नाही हे खरे. परंतु ज्या मदरबोर्डावर तो बसवायचा, त्याचे कपॅसिटर फुगू लागले असतील तर तो पैसा पाण्यात गेला म्हणून समजावे. खोके उघडून ते डोळ्यांनी पाहता येतात.

याहून मोठी अडचण निराळीच आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे ११५५ च्या सॉकेटात बसणारा कोणताही प्रोसेसर आणला तरी ही रेषा ओलांडता येत नाही. ज्या संगणकावर मुलांची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांक भरले जातात, त्याच्या सुरक्षिततेची डागडुजीच थांबलेली असणे ही गोष्ट पडदा संथ उघडण्याहून गंभीर आहे. म्हणून या जोडीविषयी माझे मत असे : प्रोसेसरला हात लावू नये. एसएसडी बसवावी, रॅम ८ जीबी करावी (हा मदरबोर्ड १६ जीबीपर्यंत घेतो), आणि त्यावर उबुंटू किंवा सी-डॅकची बॉस यांसारखी लिनक्स प्रणाली घालावी. एच-६१ वरील साटा जोडणी जुन्या वेगाची असल्याने एसएसडी पूर्ण वेगाने चालत नाही. तरीही फरक पहिल्या दिवशीच जाणवतो. पाठ दाखविणे, टंकलेखन, चित्रे काढणे यांस एवढे पुरते. विंडोजवरच चालणाऱ्या एखाद्या आज्ञावलीवाचून अडत असेल, तर मात्र नव्या जुळणीकडे वळावे.

प्रोसेसर बदलणे कधीच शहाणपणाचे नसते, असा याचा अर्थ नव्हे. एएमडीचे एएम-४ हे सॉकेट पाहा. २०१७ च्या पहिल्या रायझन मालिकेचा प्रोसेसर ज्या मदरबोर्डावर आहे, त्यापैकी पुष्कळांवर योग्य बायोस घातल्यास २०२० ची ५००० मालिका बसते. पहिली मालिका विंडोज ११ च्या यादीत नाही, ५००० मालिका आहे. येथे एका प्रोसेसरच्या खर्चात संगणकाचे आयुष्य खरोखर वाढते. उलट इंटेलच्या ११५१ सॉकेटविषयी सावध राहावे : सहाव्या-सातव्या पिढीचे व आठव्या पिढीचे सॉकेट टोकांच्या संख्येने सारखेच, तरी आठव्या पिढीचा प्रोसेसर पहिल्या मदरबोर्डावर चालत नाही. मदरबोर्डाचे नाव लिहून घ्यावे आणि त्याच्या निर्मात्याची यादी पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत.

नवी जुळणी करताना प्रोसेसर, मदरबोर्ड व रॅम ही तिन्ही एकत्रच बदलतात. जुनी डीडीआर-३ रॅम नव्या खोबणीत शिरत नाही. पडदा, कळफलक, माउस, बसविलेली असल्यास एसएसडी, आणि मापाचे असल्यास खोकेही जुने चालते. म्हणूनच आज एसएसडीवर केलेला खर्च उद्या वाया जात नाही. जुना पडदा व्हीजीए जोडणीचा असेल तर नव्या मदरबोर्डावर ती आहे की नाही, हे आधी विचारावे. एसएमपीएस मात्र नवा घ्यावा. विजेच्या चढउतारांत बारा वर्षे काढलेल्या एसएमपीएसवर नव्या भागांचा भार टाकणे धोक्याचे आहे. दुरुस्तीचा एकूण खर्च नव्या जुळणीच्या एक-तृतीयांशाहून अधिक होत असेल, तर मी दुरुस्तीचा आग्रह धरणार नाही. तिन्ही आकडे, दोन दुकानांची दरपत्रके व निर्णयाचे कारण शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात नोंदवून ठेवावे.

काढलेले भाग जडवस्तू नोंदवहीत दाखवून रीतसर निर्लेखन होईपर्यंत जपून ठेवावे. ते फेरीवाल्या भंगारवाल्यास देऊ नयेत. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अमलात आले असून असे भाग नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जावयास हवेत. हार्ड डिस्क देण्यापूर्वी तिच्यावरील विद्यार्थ्यांची माहिती पूर्ण पुसावी. फायली केवळ कचरापेटीत टाकल्याने ती जात नाही. पुसण्याची सोय नसल्यास डिस्क काढून, तिच्यावर शाळेचे नाव व दिनांक घालून, मुख्याध्यापकांनी कपाटात कुलपाखाली ठेवावी.