मु. पो. पासून रच्याकनेपर्यंत : लघुरूपांचा एक धडा



घरात एखादं जुनं पत्र जपून ठेवलेलं असेल तर त्यावरचा पत्ता नीट वाचा. "मु. पो. चलथाण, ता. पलसाणा, जि. सुरत." एका ओळीत चार लघुरूपं आहेत : मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. आत कागदाच्या कोपऱ्यात "ता. ५", म्हणजे तारीख. पत्र संपलं की खाली "ता. क.", म्हणजे ताजा कलम. एकच "ता." तीन जागी तीन अर्थांनी येतो, तरी आपल्या आजोबांचा कधी गोंधळ झाला नाही. कारण कुठल्या जागी कुठला अर्थ, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक आणि वाचणाऱ्यालाही.

लघुरूप चालतं ते या दोघांच्या समजुतीवर. समजूत एका बाजूलाच असेल तर काय होतं, ते आधी सांगते.

माझी एक मैत्रीण नुकतीच नंदुरबारहून इकडे राहायला आली होती. घरी अहिराणी, शाळा मराठी. तिची नवी गुजराती मैत्रीण तिच्यासाठी मुद्दाम मोडक्यातोडक्या मराठीत मेसेज करायची. एके दिवशी इंग्रजी अक्षरांत मेसेज आला : "फॉर्मची लास्ट डेट" आणि पुढे तीन अक्षरं, के-ए-एल. हिने वाचलं "काल". म्हणजे तारीख गेली! बिचारी रडली आणि फॉर्म कपाटात ठेवून दिला. दोन दिवसांनी उलगडा झाला. मराठीत काल म्हणजे होऊन गेलेलाच दिवस, पण गुजरातीत "काल" होऊन गेलेलाही आणि येणाराही. नेमकं सांगायचं असेल तर गुजराती माणूस "गई काल" किंवा "आवती काल" म्हणतो. पण मेसेजमध्ये एवढं कोण टाइप करतं? फॉर्म शिष्यवृत्तीचा होता. दोघींनी आपापली भाषा बरोबरच वापरली होती, तरी वर्षाचे पैसे गेले.

म्हणून हा विषय नुसता गमतीचा नाही.

ही सवय आली कुठून?

पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये गेला. नील पॅपवर्थ या इंजिनिअरने तो संगणकावरून पाठवला. मजकूर होता नाताळच्या शुभेच्छांचा. एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं १६० मावायची. देवनागरीत लिहिलं तर त्याच जागेत फक्त ७०, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला जास्त जागा लागते आणि काना, मात्रा, वेलांटी ही सुद्धा वेगळी चिन्हं म्हणून मोजली जातात. पैसे तर मेसेजमागे पडायचे. त्यात बऱ्याच फोनवर देवनागरी दिसायचीच नाही, नुसते चौकोन दिसायचे. मग मराठी माणूस इंग्रजी अक्षरांत मराठी लिहू लागला, आणि तेही स्वर गाळून. आता फोन बदलले, मेसेज फुकट झाले, पण बोटांची सवय राहिली.

या सवयीत आपण काय गमावतो ते बघा. इंग्रजी एकाच "एल"मध्ये आपला ल आणि ळ दोन्ही जातात. वेल की वेळ? माल की माळ? के-ए-एल म्हणजे काल, काळ, कल आणि कळ, यातलं काहीही. एम-ए-एन म्हणजे मन, मान किंवा मण. संदर्भ असेल तर चालून जातं. नसेल तर फॉर्म कपाटात जातो.

लघुरूपं नवी नाहीत

"आजची पोरं भाषा बिघडवतात" असं कुणी म्हणालं तर त्यांना नम्रपणे सांगा, की ओ-एम-जी हे लघुरूप ब्रिटिश नौदलाचे अॅडमिरल फिशर यांनी विन्स्टन चर्चिल यांना १९१७ साली लिहिलेल्या पत्रात सापडतं. तेव्हा फिशर पंच्याहत्तरी ओलांडलेले होते! ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात ओ-एम-जी आणि एल-ओ-एल यांना जागा मिळाली २०११ मध्ये. आणि आपल्याकडे? रा. रा. म्हणजे राजमान्य राजश्री, सा. न. वि. वि. म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, ह. भ. प. म्हणजे हरिभक्तपरायण. इतिहासाच्या पेपरात आपण रोज लिहितो ते "इ. स." सुद्धा ईसवी सन, म्हणजे येशूच्या जन्मापासून मोजलेला काळ.

मराठीने स्वतः घडवलेली

मला सगळ्यात आवडतो तो हा भाग. मायबोली हे संकेतस्थळ १९९६ पासून आहे. पुढे मनोगत, मिसळपाव अशी आणखी स्थळं आली. देशोदेशीची मराठी माणसं तिथे लिहू लागली आणि त्यांनी इंग्रजी लघुरूपं उसनी न घेता आपली घडवली. काही नमुने :

- रच्याकने : इंग्रजीतल्या "बाय द वे"चं मुद्दाम केलेलं शब्दशः रूप, "रस्त्याच्या कडेने". आधी थट्टा, मग खरा शब्द.
- ह. घ्या. : हलके घ्या. रागावू नका, गंमत केली.
- दिवे घ्या : अर्थ तोच. "लाइट घ्या"मधल्या लाइटचा इथे दिवा झाला!
- पु. ले. शु. : पुढील लेखनास शुभेच्छा.
- भा. पो. : भावना पोहोचल्या.
- ह. ह. पु. वा. : हसून हसून पुरेवाट.
- व्यनि : व्यक्तिगत निरोप, म्हणजे फक्त त्या एकालाच पाठवलेला.

आणि फोनवरचं आपलं लाडकं "जे १ झालं का?" यात "जे"पुढे इंग्रजी "वन" जोडा. बोलण्यातलं जेवन तयार! हे कोणत्या इंग्रजी कोशात मिळायचं नाही. त्यासाठी मराठी घरातच जेवलेलं असावं लागतं.

जिथे जपून वापरायचं

एल-ओ-एल म्हणजे मोठ्याने हसणं. ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांना मात्र ते "खूप खूप प्रेम" वाटायचं आणि ते मेसेजच्या शेवटी तसं लिहायचे. ही गोष्ट २०१२ मध्ये एका चौकशीत साक्षीत उघड झाली आणि सगळा देश हसला. आपल्या मावशीने कुणाच्या आजारपणाच्या बातमीखाली ते लिहिलं तर मात्र हसू नका. हळूच फोन करून सांगा.

आर-आय-पी ही तर मुळात प्रार्थना आहे. लॅटिनमधल्या तीन शब्दांची आद्याक्षरं : "त्याला शांतीत विसावा मिळो." दफनभूमीतल्या दगडावर ती कोरायला कुणीतरी वेळ काढलेला असतो. आपण तीच अक्षरं एका सेकंदात टाकतो आणि पुढच्या व्हिडिओकडे वळतो. ज्याच्या घरात माणूस गेलं, तो ती तीन अक्षरं रात्री पुन्हा पुन्हा वाचतो. त्याच्यासाठी एक पूर्ण वाक्य लिहायला काय हरकत आहे? "काकांनी मला सायकल शिकवली होती, मी उद्या येतो." एवढं पुरे.

"ओके"ऐवजी नुसतं "के" लिहिणंही तसंच. लिहिणाऱ्याला घाई असते, वाचणाऱ्याला वाटतं रागावला.

लक्षात ठेवायचे तीन नियम

१. तारीख, वेळ, पैसे, औषध आणि पत्ता यांत लघुरूप नको. "काल", "उद्या" यांच्यासोबत आकड्यात तारीख लिहा.
२. समोरचा कोण ते बघा. मित्राला "ह. ह. पु. वा." चालेल, प्राध्यापकांना रजेच्या अर्जात चालणार नाही.
३. अर्थ कळला नाही तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. माझ्या मैत्रिणीने "काल म्हणजे कधी गं?" एवढंच विचारलं असतं, तर फॉर्म भरला गेला असता.

त्या दोघी आजही मैत्रिणी आहेत. आता त्यांच्या मेसेजमध्ये "काल" हा शब्दच नसतो, सरळ तारीख असते.

तुमच्यासाठी सराव : घरातल्या एका जुन्या पत्रातली पाच लघुरूपं आणि स्वतःच्या फोनमधली पाच लघुरूपं शेजारी शेजारी लिहा. आजीला तुमची पाच विचारा आणि तिची पाच तुम्ही ओळखा. कोण जिंकलं ते मंडळाच्या पुढच्या बैठकीत सांगा.

ता. क. : हा लेख कुणाला लागला असेल तर दिवे घ्या!