लिनक्स फुकट, प्रिंटरचं काय?

विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि भोसरी-तळवड्यातल्या वर्कशॉपांमधले, चाकणच्या जॉबवर्कवाल्यांकडचे कितीतरी धडधाकट पीसी एका दिवसात जुने ठरले. अशा मशीनवर लिनक्स मिंट टाकायला पैसे पडत नाहीत. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेटही मिळतील. खर्च सुरू होतो तो टाकून झाल्यावर.

रॅम ४ जीबी असली तरी भागतं. जीएसटी पोर्टल, ई-वे बिल आणि कंपनीचं व्हेंडर पोर्टल एकदम उघडायचं तर ८ हवी. फिरती हार्ड डिस्क असेल तर पहिला पैसा एसएसडीवर घाला. २५६ जीबीचे भाव बदलत असतात, तेव्हा दोन दुकानांत विचारा. बिल पक्कंच घ्या. त्यातल्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट नियमित नोंदणी असलेल्यांना घेता येतं.

खरी डोकेदुखी प्रिंटर. एचपीचे बहुतेक प्रिंटर मोफत एचपीएलआयपी ड्रायव्हरवर चालतात. टेबलाटेबलावर दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र कॅप्ट ड्रायव्हर मागतो, आणि तो बसवताना जाणकारही वैतागतात. म्हणून डिस्क पुसण्याआधी पेनड्राइव्हवरून मिंट चालू करून एक डिलिव्हरी चलन छापून बघा. नवा प्रिंटर घ्यावा लागला, तर सगळ्यात मोठा खर्च तोच.

टॅलीप्राइम विंडोजचं आहे. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनवर ते चालवण्याचा खटाटोप हिशेबाच्या मशीनवर करूच नये, असं माझं मत. टॅली आणि डिजिटल सहीच्या (डीएससी) टोकनसाठी एक विंडोज मशीन राहू द्या. प्रोप्रायटरशिप असेल तर जीएसटी रिटर्न टोकनशिवाय, ओटीपीवरही भरता येतं. ऑटोकॅडही लिनक्सवर बसत नाही. डीएक्सएफ ड्रॉइंग बघायला लिब्रेकॅड पुरतं, तेही फुकट.

मराठीसाठी आयबस आणि एम१७एन पॅकेज टाकलं की इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो. थीम-आयकॉनचे कोणी पैसे मागितले तर हसून नको म्हणा.

काम गुरुवारी, भोसरी-चाकणच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काढा. देखभालीसाठी वीजही बहुधा त्याच दिवशी जाते, त्यामुळे यूपीएस नसेल तर अपडेट सुरू करू नका. आधी टाइमशिफ्टने स्नॅपशॉट घ्या. माणूस बोलावलात तर व्हिजिटचे आणि प्रिंटर चालू करून देण्याचे पैसे वेगवेगळे ठरवा. प्रिंटरचे पैसे छापलेलं चलन हातात पडल्यावरच द्या.