पांढरी सातला सा

छोटे, काल फोनवर तुझा आवाज रडवेला झाला होता, म्हणून लिहिते आहे. महिनाभर रोज बसूनही ‘हॉटेल कॅलिफोर्निया’चा गिटार सोलो हाती येत नाही, बोटंच जड आहेत, असं म्हणालीस. तू पाठवलेलं रेकॉर्डिंग मी तीनदा ऐकलं. बोटं पळतात गं तुझी, छान पळतात. कुठं जायचंय तेवढं त्यांना ठाऊक नाही.

आजोबांची भजनाची पेटी काढ आणि पांढरी सातला सा धर. गाणं बी मायनरमध्ये आहे, म्हणजे आपला सा तिथंच. आता सोलोखालचे कॉर्ड सावकाश वाजव: बी मायनर, एफ शार्प, ए, ई, जी, डी, ई मायनर, पुन्हा एफ शार्प. तू या सगळ्यांवर एकच मायनर स्केल फिरवतेस, ध कोमल, नी कोमल. पण एफ शार्पमध्ये नी शुद्ध आहे, काळी पाच. ई मेजरमध्ये ध शुद्ध, काळी चार. 1976 मध्ये डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांनी हा सोलो वाजवला तो कॉर्डचा हात धरून. शेवटी दोन्ही गिटारी जोडीनं उतरतात, तिथं तर कॉर्डचेच सुटे स्वर आहेत. तुझं बोट घसरतं ते नेमकं एफ शार्पवर. तो तुकडा आधी तोंडानं म्हण. मृदंग शिकणारी पोरं आधी बोल म्हणतात, मग हात लावतात, तसंच.

तार ओढतेस तेव्हाही पेटीलाच विचार. दोन पडदे पुढचा स्वर पेटीवर दाबून ठेव आणि तार तिथवर ने. अर्ध्यात सोडलेली तार वेगात लपते असं वाटतं, लपत नाही.

मी रोज सोलो पहिल्यापासून वाजवायची. सुरुवात लखलखीत झाली, शेवट दोन वर्षं कच्चाच राहिला. तू शेवटच्या तुकड्यापासून मागं ये. आणि अडतं ते तुकड्यात कमी, दोन तुकड्यांच्या सांध्यात जास्त. म्हणून मागच्या तुकड्याचे शेवटचे दोन स्वर आणि पुढच्याचे पहिले दोन, एवढंच घोळव. मूळ लय मिनिटाला साधारण 74 ठोक्यांची. तू मेट्रोनोम 40 वर लाव. सलग पाच वेळा चूक झाली नाही तरच तीन-चार ठोके वाढव.

वीज गेली की गिटार खाली ठेवतेस, ते नको करू. अँपशिवायची इलेक्ट्रिक गिटार फार खरं बोलते. डिस्टॉर्शन नसताना हॅमर-ऑन ऐकू आला, तर तो खरंच वाजला. मात्र अँप लावल्यावर नको त्या तारा तळव्यानं दाबायची सवय वेगळी करावी लागेल. बोटांच्या टोकांना घट्टे पडतील, पडू देत. मनगट दुखलं तर त्या दिवशी थांब, तिथं हट्ट नको.

आणि हे आपल्या माणसांचं वाद्य नाही, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. 1984 साली मुंबईत रॉक मशीन हा बँड उभा राहिला तेव्हा त्यात गिटार महेश तिनईकरांच्या हाती होती. गिटारला आडनाव कळत नाही.

रविवारी शेगावहून खामगावला ये. दुसरी गिटार मी लावून ठेवते. खालची बाजू मी धरीन, वरची तू. 40 लाच वाजवू.