सामायिक प्रिंटर आणि अधिकारांच्या पायऱ्या

हैदराबाद येथील तेलंगणा राज्य लोकसेवा आयोगाने १७ मार्च २०२३ रोजी गट-१ची पूर्वपरीक्षा रद्द केली. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी झालेल्या या परीक्षेस २ लाख ८५ हजारांहून अधिक उमेदवार बसले होते. कार्यालयात काम करणाऱ्यांनीच अंतर्गत जाळ्यातून गोपनीय शाखेच्या संगणकात शिरकाव करून प्रश्नपत्रिका मिळविल्या, असा आरोप तपास पथकाने ठेवला. गोपनीय मजकूर संगणकातून कागदावर उतरताना ज्या मार्गाने जातो, तो मार्गही तितकाच जपावा लागतो. या मार्गावरील मुख्य ठाणे म्हणजे प्रिंट सर्व्हर होय.

अनेक संगणकांकडून येणारी छपाईची कामे स्वीकारून, त्यांची रांग लावून ती प्रिंटरकडे धाडणारा संगणक म्हणजे प्रिंट सर्व्हर. ग्रामपंचायतीच्या एकुलत्या प्रिंटरला त्याची गरज नसते. तहसील कार्यालय, पंचायत समिती किंवा मोठी शाळा येथे मात्र तो उपयुक्त ठरतो. विंडोज प्रणालीत त्यावरील अधिकारांच्या तीन पायऱ्या असतात. पहिली, केवळ छापण्याची. दुसरी, रांगेतील सर्वांची कामे थांबविण्याची, रद्द करण्याची वा त्यांचा क्रम बदलण्याची. तिसरी, खुद्द प्रिंटरची मांडणी व इतरांचे अधिकार बदलण्याची. स्वतः पाठविलेले काम रद्द करण्याची मुभा ज्याची त्याला असतेच. शिक्षकांना पहिली पायरी पुरते, लिपिकास दुसरी द्यावी. तिसरी एखाद्या जबाबदार व्यक्तीपुरतीच राखावी. साहेबांचे पद मोठे म्हणून त्यांना तिसरी पायरी देण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते. तिला कोणताही आधार नाही.

नवा प्रिंटर जोडताच छापण्याचा अधिकार ‘एव्हरीवन’ या गटास, म्हणजे सर्वांना, आपोआप मिळतो. गोपनीय शाखेच्या प्रिंटरवरून हा गट काढून टाकावा आणि केवळ त्या शाखेचा गट घालावा. येथे एक चूक हमखास होते. गट काढण्याऐवजी त्याला ‘मनाई’ केली जाते. मनाई ही परवानगीवर मात करीत असल्याने शाखेचे कर्मचारीही बाहेर राहतात, आणि मग वैतागून सर्वांनाच सर्व अधिकार दिले जातात. अधिकार नावावर न देता गटास द्यावेत, म्हणजे बदली झालेल्या कर्मचाऱ्याचे नाव गटातून वगळले की काम भागते.

लिनक्स प्रणालीवरील ‘कप्स’मध्येही प्रत्येक प्रिंटरसाठी परवानगी असलेल्यांची यादी करता येते. मात्र तेथे छापून झालेल्या कामाची प्रत मूळ रचनेनुसार एक दिवस सर्व्हरवर राहते. प्रश्नपत्रिका छापणाऱ्या शाळेने ही मुदत शून्यावर आणावी. विंडोजमध्ये छापलेले काम राखून ठेवण्याची सोय आहे. ती बंद असल्याची खात्री करावी.

अधिकार नेमके असले तरी प्रणाली अद्ययावत नसेल तर ते निष्फळ ठरतात. २०२१च्या जुलैमध्ये विंडोजच्या छपाई सेवेत ‘प्रिंट नाइटमेअर’ हा दोष उघड झाला. सामान्य खातेदारालाही त्यातून संगणकाचा संपूर्ण ताबा मिळविता येत असे. मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात तातडीची दुरुस्ती दिली. ज्या सर्व्हरवरून काहीच छापायचे नसते, तेथे ही सेवा बंदच ठेवावी.