आधी केबल ओढा

दिवाळी अंकांचं काम आमच्याकडे श्रावणातच सुरू होतं. पंचवटीतल्या माझ्या छोट्या डीटीपी केंद्रात गेल्या वर्षी त्याच घाईत होते. बाहेर मुसळधार पाऊस, गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलेलं. प्रूफ घ्यायला हात पुढे केला आणि कपभर गोड चहा कीबोर्डवर सांडला.

‘एवढं पान सेव्ह करते, मग पुसते,’ म्हणून मी टाइप करत राहिले. चूक तिथेच झाली. साध्या कीबोर्डच्या आत प्लॅस्टिकचे तीन पातळ पडदे असतात. वरच्या आणि खालच्या पडद्यावर वीज वाहून नेणाऱ्या बारीक रेघा छापलेल्या असतात. त्यांच्यात ओल शिरली आणि वीज चालूच राहिली, की रेघा गंजतात. त्यात भर म्हणून मी गरम हेअर ड्रायर फिरवला. चहा आटून साखर चिकटली, दोन बटणं वाकली. दुसऱ्या दिवशी उघडून पाहिलं, तर एक रेघ काळी पडून तुटली होती.

तुमच्यावर ही वेळ आली, तर आधी केबल ओढा. वायरलेस असेल तर सेल काढा. फाइल माउसनेही सेव्ह करता येते. मग कीबोर्ड पालथा धरून चहा निथळू द्या. बटणांचा फोटो काढून ती अलगद उचकटा. स्पेसबारखाली तार असते, तिथे जोर लावू नका. बटणं साबणाच्या कोमट पाण्यात धुवा. कीबोर्ड उघडून आतले पडदे बॅटरीच्या दुकानात मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरने ओल्या केलेल्या सुती फडक्याने पुसा. नळाच्या पाण्यातले क्षार मागे राहतात. नंतर सगळं पंख्याखाली सुकवा. उन्हाळ्यात दोन दिवस पुरतात, पावसाळ्यात चार दिवस थांबा. तांदळात ठेवू नका, त्याची पूड आत जाते.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी. त्यात बॅटरी आतच असते आणि बहुधा कीबोर्डखालीच मदरबोर्ड. भिंतीवरचं बटण बंद करून चार्जर काढा, पॉवरचं बटण दाबून धरून तो बंद करा आणि उघडाच, तंबूसारखा पालथा ठेवा. ‘चालतोय का बघू’ म्हणून सुरू करू नका. त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि काय सांडलं ते खरं सांगा.

माझा कीबोर्ड चहाने नव्हे, त्यानंतरच्या त्या पाच मिनिटांनी गेला. म्हणून सांगते, पुसायचं फडकं नंतर शोधा. आधी केबल ओढा.