अबोला आणि मौन



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक ५, ६ आणि १४ ते १६. विषय तप.

हे श्लोक मी आधीही वाचले होते. कळले मात्र सायकलवर.

मागच्या नोव्हेंबरमध्ये मी पुण्याहून बदनापूरजवळच्या आमच्या गावी सायकलने गेलो. खराडी ते घर, सुमारे २७५ किलोमीटर. एका दिवसात. सगळ्यांना सांगितलं, आई-अण्णांना भेटायला चाललोय. खरं कारण वेगळं होतं. आठ महिने मी अण्णांशी बोललो नव्हतो.

भांडण मोसंबीच्या बागेवरून. उन्हाळ्यात ते टँकरचं विकतचं पाणी घालत होते. मी एक्सेल शीट करून फोनवर हिशोब ऐकवला आणि म्हणालो, "ती लाकडं तोडा आणि जमीन विकून टाका." अण्णा काहीच बोलले नाहीत. मग मीही बोललो नाही. आईला फोन करायचो, पण "अण्णांना दे" म्हणायचो नाही. मनात म्हणायचो, वाद वाढवण्यापेक्षा मौन बरं.

पहाटे ३ ला निघालो. शिरूरला उजाडलं, साडेदहाला नगर. स्ट्राव्हावर मित्रांचे कुडोज मिळतील म्हणून अजून जोर लावायचो. जेवायला थांबलो तर वेळ जाईल म्हणून नुसत्या जेलवर काढलं. नेवासा फाट्याच्या अलीकडे दोन्ही मांड्यांत गोळे आले आणि उलटी झाली. एका चहाच्या टपरीवर बाकड्यावर आडवा पडलो. टपरीवाल्या मावशींनी मीठ-साखरेचं पाणी दिलं, पोहे खायला लावले आणि विचारलं, "घरी सांगितलं का, येतो म्हणून?"

"नाही, सरप्राइज आहे."

"असलं कसलं सरप्राइज? रात्र होईल की तुला."

त्या फाट्यापासून आत थोड्या अंतरावर नेवासा. तिथेच १२९० साली ज्ञानोबा माउलींनी गीता मराठीत सांगितली. बाकड्यावर पडल्या पडल्या सतरावा अध्याय आठवला. भगवंत म्हणतात, दंभाने आणि अहंकाराने घोर तप करणारे शरीराला तर छळतातच, पण त्या शरीरात राहणाऱ्या मलाही छळतात. मला वाटायचं, हे कुठल्या तरी जुन्या काळच्या हटयोग्यांबद्दल आहे. त्या दिवशी ते माझ्याबद्दल होतं.

पुढचे श्लोक बघा. तपाचे तीन प्रकार: शरीराचं, वाणीचं, मनाचं. वाणीचं तप म्हणजे दुसऱ्याला न टोचणारं, खरं, प्रिय आणि हिताचं बोलणं. माझ्या शीटमधले आकडे खरे होते. पण चारपैकी एकच अट पूर्ण झाली होती.

आणि मौन? ते वाणीच्या यादीत नाहीच! ते मनाच्या तपात आहे, प्रसन्नता आणि भावशुद्धीच्या पंगतीला. म्हणजे तोंड बंद आणि आत राग धुमसतोय, तर ते मौन नव्हे. त्याला आपल्याकडे साधा शब्द आहे: अबोला. आठ महिने मी अबोला धरला होता आणि त्याला साधना म्हणत होतो. २७५ किलोमीटर पायडल मारणं मला जमत होतं, एक वाक्य बोलणं जमत नव्हतं.

आमच्याच जालना जिल्ह्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. लहानपणी घर सोडलेले समर्थ तप आणि तीर्थाटन करून २४ वर्षांनी आईला भेटायला आले, असं चरित्रात सांगतात. तोवर आईची दृष्टी गेली होती. दारात उभ्या राहिलेल्या गोसाव्याला तिने ओळखलं ते आवाजावरून. एवढं मोठं तप, पण आईपर्यंत पोचली ती वाणी. लेक किती चालून आला, हे तिला दिसणारच नव्हतं.

मी फाट्यावरूनच आईला फोन केला. प्रवरासंगमच्या पुलावर थांबून गोदामाईला हात जोडले. संभाजीनगर ओलांडलं तेव्हा अंधार पडला होता. साडेनऊला आमच्या गावच्या फाट्यावर पोचलो, तर अण्णा मफलर गुंडाळून बॅटरी घेऊन उभे. सात वाजल्यापासून.

पाठ केलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, "अण्णा, बागेबद्दल बोललो ते चुकलं माझं."

ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चल, गार लागायलंय." आणि सायकल स्वतः ढकलत पुढे निघाले.

सकाळी बागेत गेलो. वाळलेली झाडं अण्णांनी आधीच काढून टाकली होती. हिशोब त्यांनाही कळत होता. उरलेल्या झाडांना लाकडं म्हटलेलं त्यांना लागलं होतं.

आजचा अभ्यास: आपण कुणाशी अबोला धरून त्याला मौन म्हणतोय का, हे प्रामाणिकपणे बघा. असेल तर आज त्या माणसाला फोन करा. बोलण्याआधी चार अटी तपासा: टोचत नाही ना, खरं आहे का, प्रिय आहे का, हिताचं आहे का. जपाची माळ त्यानंतर घेतली तरी चालेल.

देवा, आमच्या वाणीत तू रहा.

राम कृष्ण हरी.