सॅकमध्ये सापडलेला रोलिंग पेपर

प्रश्न : मुलगा पुण्यात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत त्याच्या सॅकमध्ये रोलिंग पेपर आणि डोळ्यांची लाली घालवायचे थेंब सापडले. गांजा ओढतो, असं त्यानं कबूल केलं. हे म्हणतात, कॉलेज बंद करून घरी बसवा. डॉक्टरांकडे नेलं तर पोलीस केस होईल का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, त्यानं कबूल केलं, ही मोठी जमेची बाजू. आरडाओरडा करून ती घालवू नका. उपचारांसाठी गेल्यानं पोलीस केस होत नाही. उलट १९८५च्या अमली पदार्थ कायद्यातलं कलम ६४अ स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार अर्धवट सोडले, तर मात्र ते काढून घेता येतं.

रोज ओढणाऱ्यानं गांजा सोडला की पहिले एक-दोन आठवडे झोप उडते, भूक मरते, चिडचिड होते. हे ओसरतं. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतो का, हे जरूर विचारा. त्या अचानक थांबवल्या तर झटके येऊ शकतात. तिथं डॉक्टरच हवेत. कानात आवाज येणं, विनाकारण संशय घेणं असं दिसलं, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

घरी बसवण्याच्या मी विरोधात आहे. रिकामा वेळ आणि अपमान, दोन्ही वाढतात. खोली बदलणं मात्र उपयोगी. पुण्यात ‘मुक्तांगण’ हे केंद्र १९८६पासून व्यसनमुक्तीचं काम करतं. १४४४६ ही सरकारी हेल्पलाइनही मोफत आहे. फोन त्याला करू द्या, तुम्ही शेजारी बसा.